दोन दणक्यांमधली जागा

पेठ रोडला मोटार रिवाइंडिंगच्या दुकानाशेजारचा जिना चढून गेलं की ललितचं ‘कलरव रेकॉर्डिंग’ लागतं. दोन खोल्या, एक एसी, भिंतींना ठोकलेल्या जुन्या गाद्या आणि दारात चपलांचा ढीग. चपला अर्थात भजनी मंडळांच्या. ह्या माणसानं वीस वर्षांत भजनं केली, हळदीची गाणी केली, एका निवडणुकीत तर एकमेकांच्या विरोधात उभ्या चार उमेदवारांचा प्रचार एकाच दुपारी एकाच गळ्यातून काढला. आणि नाव कशानं झालं म्हणाल? भाजीच्या गाडीनं! ‘मेथी घ्या, शेपू घ्या, कोथिंबीर ताजी ताजी’ असं ओरडत जो छोटा टेम्पो गल्लोगल्ली फिरतो, त्यावरची बाई म्हणजे ललितची बायको सुवर्णा, आणि तिचा आवाज टिपला ललितनं. चौथ्या मजल्यावर मिक्सर चालू असू दे, कुकर शिट्ट्या मारू दे, शेपू म्हणजे शेपूच ऐकू येतो. ललितला ह्याचा अभिमान होता, पण चारचौघांत सांगण्यासारखा तो नव्हता.

तर थंडीच्या दिवसांतल्या एका सोमवारी, चारच्या सुमाराला, रुद्र जिना चढून आला. सव्विशीचा पोरगा. अंबडच्या कारखान्यात पहिली पाळी करून तसाच आलेला. वरून कंपनीचा निळा शर्ट, आतून काळा टीशर्ट, त्यावर कवटी, आणि पाठीपर्यंतचे केस कंपनीच्या नियमाप्रमाणे जाळीत कोंबलेले.

“ती शेपूची टेप तुम्हीच केलीये ना?” त्यानं दारातूनच विचारलं.

“का? कुठल्या सोसायटीची तक्रार आहे?”

“तक्रार नाही हो दादा. काल आमच्या गल्लीत ड्रिलिंग चाललं होतं. शेजारचा माणूस बोललेला कळत नव्हता, पण शेपू कळला. मला तसा आवाज पाहिजे, आमच्या गाण्याला. आमचा मेटल बँड आहे, ‘भट्टी’ नावाचा.”

ललितनं पेन ड्राइव्ह लावला, स्पीकरचा आवाज नेहमीएवढा ठेवला आणि बटण दाबलं. मग पुढची चार मिनिटं तो खुर्चीचे दोन्ही हात धरून बसला. गिटार होती, ड्रम होते, आणि त्या सगळ्याच्या तळाशी कोणीतरी घशात राख अडकल्यासारखं गुरगुरत होतं. गाणं संपायच्या आत खालचा पुंजाराम रिवाइंडिंगवाला जिना चढून आला. “ललितभाऊ, कशाचं बेअरिंग गेलंय का वर?” त्यानं काळजीनं विचारलं. तीस वर्षं मोटारी दुरुस्त केलेला माणूस, त्याचा कान काही खोटा म्हणता यायचा नाही.

“ह्यात शब्द आहेत?” ललितनं विचारलं.

“आहेत ना. सोळा ओळी आहेत. मीच लिहिल्यात.” रुद्र दुखावला होता. “तेच तर. कोणाला कळत नाहीत.”

“मग कळून काय करायचंय? ह्या गाण्यांत शब्द कोण ऐकतं?”

तेव्हा पोरानं खरं काय ते सांगितलं. रुद्रचे वडील गोटीराम मखमलाबादला दोन एकर गुलाब आणि झेंडू पिकवायचे. त्याआधी बावीस वर्षं अंबडच्या एका प्रेस शॉपमध्ये पत्रे दाबायच्या मशीनवर होते. पोराचं गाणं म्हणजे त्यांच्या लेखी नुसता आरडाओरडा. भट्टीची तालीम रविवारी व्हायची, कारण बाकी दिवस सगळ्यांच्या पाळ्या वेगवेगळ्या. आणि रविवारीच मळ्यात माणूस लागायचा. गेल्या आठवड्यात बापलेकांची जुंपली. शेवटी गोटीराम म्हणाले, येत्या रविवारी तुझं गाणं आणून ऐकव. त्यात काय म्हटलंय ते मला कळलं, तर जा तुझ्या रविवारी कुठं जायचं तिथं. नाय कळलं, तर रविवार मळ्याचा.

“म्हणजे बँड बंद,” ललित म्हणाला.

“बंदच. पण दादा, ते एक झालं.” रुद्रनं केसांची जाळी काढून हातात चुरगाळली. “गाणं त्यांच्यावरच आहे हो. त्यांच्या प्रेसवर. त्यांना कळावं म्हणून तर लिहिलं. तोंडावर बोलायला जमत नाही आमच्यात, म्हणून ओरडतो. आणि ओरडलं की शब्द जातात.”

आता हे ऐकल्यावर ललितसारख्या माणसानं नाही म्हणायचं कसं? त्याला स्वतःलाही बापाशी धड बोलता आलं नव्हतं, आणि आता तो विषयच मिटलेला होता. “सोड इथं,” तो म्हणाला. “आवाज वर आणायचाय ना? उद्या ये. वीस वर्षं हेच करतोय.”

ह्या वीस वर्षांनीच घोळ केला. ललितच्या गिऱ्हाइकांना एकच गोष्ट कळायची, ती म्हणजे एको, आवाजाचा घुमारा. मृदंगवाला बेताल असू दे, बुवा सुरात नसू दे, एको भरपूर असला की मंडळ खूश होऊन जायचं. त्यामुळे गळा दिसला की ललितचा हात आपोआप एकोच्या बटणाकडे जायचा. इथंही गेला. मंगळवारी रुद्रनं ते ऐकलं.

“कसं वाटतंय?” ललितनं मोठ्या उत्साहानं विचारलं.

“दादा, गाभाऱ्यात कोणालातरी मारतायत असं वाटतंय.”

सुवर्णा चहा घेऊन आली होती, ती तोंडाला पदर लावून परत फिरली. ललितनं एको शून्यावर आणला. मग त्यानं सरळ उपाय केला, गळा मोठा केला. गळा मोठा झाल्यावर गिटार लहान वाटायला लागली. आणि ह्या बँडवाल्यांच्या नाकाला काय वास लागतो कोण जाणे, त्याच संध्याकाळी गिटारवाला सनी एकटाच हजर. हातात चिवड्याचा पुडा.

“असंच आलो होतो इकडं,” सनी म्हणाला. सनी राहायचा सिडकोत, कामाला अंबडला. पेठ रोडला असंच यायचं काहीएक कारण नव्हतं. त्यानं गाणं ऐकलं, मान डोलावली, दोनदा नाक ओढलं. “मस्त झालंय. फक्त गिटार जरा... थोडीशी... आवाज वाढवा असं नाही म्हणत मी. दिसली पाहिजे.”

ललितनं दिसेल एवढी वाढवली. चिवडा चांगला होता.

बुधवारी निकिता आली. ही ड्रमवाली. देवळाली कॅम्पची, वडील तोफखान्यात सुभेदार. ही पोरगी तोफांच्या सरावाच्या आवाजात पाळण्यात झोपलेली, त्यामुळे तोफेच्या खालचं सगळं तिच्या हिशेबी कुजबुज. तिनं चिवडा वगैरे काही आणला नाही. गाणं ऐकलं आणि म्हणाली, “सर, ड्रम चालू कधी होणार?”

“पहिल्या सेकंदापासून चालू आहेत, बाई.”

“मग सांगा ना त्यांना तसं.”

ललितनं ड्रमही वाढवले. मग रुद्र आला, त्याला गळा गेला असं वाटलं, गळा वाढवला. असं करता करता बुधवारी संध्याकाळी मीटरवर सगळं लाल दिव्याला टेकलं आणि पुंजाराम खालून ओरडला की आता बेअरिंग नाही, शाफ्टच गेलाय. ललितनं कपाळावर हात मारला. भजनी मंडळातही हेच व्हायचं म्हणा. टाळवाला वेगळा येऊन कानात सांगायचा, पेटीवाला वेगळा. पण तिथं सगळ्यांवर एको ओतला की काम भागायचं.

चिडून त्यानं एक काम मात्र बरोबर केलं. शेपूची टेप काढली आणि मेटलशेजारी लावून ऐकली. भाजीच्या गाडीवर सुवर्णाच्या आवाजाला स्पर्धाच नव्हती. टेम्पोची घरघर खाली, तिचा आवाज वर, दोघांची वाट वेगळी. इथं मात्र गिटार आणि गळा एकाच बाकावर बसलेले, आणि गिटारवाली बाजू चांगली धष्टपुष्ट. गळा मोठा करून उपयोग काय? बाकावरून गिटारला जरा सरकवायला पाहिजे. ललितनं गिटारच्या आवाजातला मधला, माणसाच्या बोलण्याच्या उंचीचा भाग कापला. सनीला सांगितलंच नाही. मग रुद्रला बोलावून माइकसमोर उभं केलं.

“सगळ्या ओळी परत म्हण. गुरगुरायचं नाही. कुजबुजत म्हण.”

“कुजबुजत?”

“शेजारच्या खोलीत पाहुणे बसलेत आणि तुला बायकोला सांगायचंय की दूध संपलंय. तसं.”

“माझं लग्न नाही झालेलं, दादा.”

“तरी म्हण!”

रुद्रनं म्हटलं. अंगावर कवटी, मुठी आवळलेल्या, मानेच्या शिरा ताठ आणि आवाज मात्र दूध संपल्याचा. ललितनं ती कुजबुज गुरगुरण्याच्या बरोब्बर खाली चिकटवली. शब्दांच्या कडा कुजबुजीतून आल्या, ताकद गुरगुरण्यातून. गुरुवारी सकाळी त्यानं सुवर्णाला बसवलं आणि गाणं लावलं. सुवर्णा डोळे मिटून ऐकत राहिली. संपल्यावर तिनं डोळे पुसले.

“कळलं?” ललितनं विचारलं.

“सगळं कळलं. बापाला सांगतोय ना तो?” ती म्हणाली. “अहो, पण एवढं ओरडून कशाला सांगतो बिचारा?”

ललितला आनंदानं नाचावंसं वाटलं. त्यानं रुद्रला फोन लावला. रुद्रनं संध्याकाळी ऐकलं, आणि त्याचाही चेहरा उजळला, आणि मग कोणीतरी आतून फ्यूज काढल्यासारखा विझला.

“आता काय झालं?” ललित म्हणाला.

“काही नाही. छान झालंय. फक्त अप्पांना जरा... कमी ऐकू येतं.”

“काय?”

“प्रेसवर होते ना बावीस वर्षं. तेव्हा कानात घालायला कोण द्यायचं? बारीक आवाज गेलेत त्यांचे. चिमणीबिमणी, फोनची रिंग, कुजबुज...”

“कुजबुज!” ललित खुर्चीतून उठलाच. “अरे, चार दिवस मी इथं जीव काढतोय, कुजबुज चिकटवतोय, आणि हे आता सांगतोयस? आधी सांगायला काय धाड भरली होती?”

“घरात तो विषय काढायचा नसतो दादा. अप्पा मानतच नाहीत. ते म्हणतात लोक हल्ली तोंडातल्या तोंडात बोलतात.”

ललित पाणी प्यायला, पंख्याखाली उभा राहिला आणि त्यानं मनातल्या मनात रुद्रच्या सात पिढ्यांना नाही, पण दोनतीन पिढ्यांना तरी शिव्या घातल्या. कानच नाही म्हटल्यावर मिक्सिंग कोणासाठी करायचं? पण सुवर्णाचे पुसलेले डोळे त्यानं बघितले होते, आणि आता माघार घेणं त्याला जमेना. शुक्रवारी सकाळी तो गुलाब घ्यायच्या निमित्तानं सरळ मखमलाबादला जाऊन पोचला.

गोटीराम गुलाबाच्या ओळीत होते. अंगानं बारीक, पांढरी टोपी, हातात कात्री. बांधावर फवारणीचा पंप इंजिनावर धडधडत होता आणि रुद्रची आई कलाबाई फुलांच्या जुड्या बांधत होती. ललितनं नमस्कार केला आणि आपल्या खणखणीत, चौथ्या मजल्यापर्यंत जाणाऱ्या आवाजात सांगितलं की मी ललित, तुमच्या रुद्रचं गाणं करतोय, देवाला दोन डझन गुलाब पाहिजेत.

गोटीरामांनी त्याच्याकडे बघितलं. “काय?” ते म्हणाले.

कलाबाईनं हातातली जुडी खाली ठेवली. तिनं आवाज चढवला नाही, काही नाही. “गाण्याचे पाहुणे हे,” ती म्हणाली आणि थांबली. मान हलवली. “गुलाब पायजे.” थांबली. “दोन डझन.”

“मग बसा की,” गोटीराम म्हणाले. थांबले. हलकेच मान हलवली, जणू समोर काहीतरी खाली येऊन गेलं. “उभे का?” परत थांबले. “चहा टाक गं.”

पंप धडधडतच होता. ललित तोंड उघडं टाकून बघत राहिला. नवराबायको गुलाबाच्या ओळीच्या दोन टोकांना उभे राहून बोलत होते, भाव काय आला, पोटॅश कधी टाकायचं, आणि दोघांचं सगळं दोनतीन शब्दांत. दोनतीन शब्द, मग थांबा. दोनतीन शब्द, मग थांबा. एकदाही कोणी ‘काय’ म्हणालं नाही.

चहा घेताना त्यानं कलाबाईला विचारलं. ती हसायला लागली.

“लग्न झालं तेव्हा मला वाटलं अडखळत्यात. आईला म्हनलं, तोतरा नवरा पाहिला मला. मंग ह्यांचे दोस्त जेवायला आले तर समदेच तसे! प्रेसवर बोलायचं कसं, दणका बसला का मशीन वर जातं, तेवढ्या टायमात बोलून घ्यायचं. परत दणका. बावीस वर्षं तेच केलं, आता मशीन नाय तरी दणक्याची वाट बघत्यात. मी बी तशीच बोलते. त्याबिगर ह्यांना कळत नाय.”

“आणि रुद्र?”

“तो लय भडाभडा बोलतो. एका दमात. ह्यांना काय कळतं त्यातलं? मंग हे म्हनत्यात काय, आन तो म्हनतो काय नाय.” कलाबाईनं कपबशी उचलली. “असं धा वर्षं चाललंय.”

ललित गुलाब तिथंच विसरला. गाडीवरून येताना त्याला स्वतःच्या बुद्धीचा संताप आला. आवाज वर आणायचा, आवाज वर आणायचा, आठवडाभर हेच धरून बसलो होतो! चार माणसं एकदम बोलत असली की त्यातला कोणाचा आवाज वाढवून काय होणार? बाकीच्यांनी तोंड मिटायला पाहिजे, बस्स. जागा करायला पाहिजे. चौकात आल्यावर त्यानं गाडी बाजूला लावून तिघांनाही फोन केले आणि शनिवारी दुपारी सुट्टी टाकून या असा हुकूम सोडला.

शनिवारी गाद्यांच्या खोलीत रणकंदन झालं.

“गिटार थांबवायची?” सनी म्हणाला. त्याचा चेहरा असा झाला होता, की ललितला वाटलं हा आता गिटार पोटाशी धरून पळतो. “प्रत्येक ओळीत? दादा, मेटलमध्ये भिंत असते. भिंतीला भोकं पाडायची?”

“खिडक्या म्हण.”

“खिडक्या भजनात असतात!”

“अरे सनी, रविवारच राहिला नाही तर भिंत कुठं बांधणार आहेस? मळ्यात?”

रुद्र मधे पडला नाही. तो कोपऱ्यात बसून कागदावर आपल्या ओळींचे तुकडे पाडत होता. दोन शब्द, रेघ. तीन शब्द, रेघ. आपला बाप कसा बोलतो हे त्यानं जन्मभर ऐकलं होतं, आणि ते तसं का, हे त्याला ललितकडून काल कळलं होतं. काल फोनवर तो कितीतरी वेळ नुसता ‘हां दादा’ म्हणत राहिला होता.

निकितानं वाद मिटवला. ती ड्रमवर बसली, एक दणका दिला आणि दोन्ही हात वर धरून थांबली. खोलीत शांतता. मग दुसरा दणका दिला. गाद्यांमधली धूळ उडाली.

“हे बघ,” ती सनीला म्हणाली. “आधी शांतता ठेवली की आवाज दुप्पट लागतो. आमच्याकडे तोफ अशीच वाजते. सारखी वाजली तर कोणाला दचकायला होईल?”

सनीनं तोंड वाकडं करून एकदा वाजवून बघितलं. दणका, थांबा, दणका. दुसऱ्यांदा वाजवलं. तिसऱ्यांदा वाजवताना त्याचं डोकं आपोआप हलायला लागलं, आणि गिटारवाल्याचं डोकं हललं की प्रश्न सुटला असं समजायचं. मग रुद्र माइकसमोर उभा राहिला. ह्यावेळी तो गुरगुरला, पण घाईनं नाही. दणका बसला की दोन शब्द, दणका बसला की तीन शब्द, प्रत्येक शब्द जाडजूड आणि सुटा. बारीक आवाजाला ललितनं हात लावला नाही, सगळी भिस्त छातीतल्या आवाजावर ठेवली, गोटीरामांचे जे कान शिल्लक होते त्यांच्यासाठी. खालून पुंजाराम आला. ललितनं डोळे मिटले.

“आता बरोबर चाललंय,” पुंजाराम म्हणाला. “पॉवर प्रेस घेतला का काय तुम्ही?”

रविवारी सकाळी दहाला सगळी वरात मखमलाबादला. ललितनं स्टुडिओतला मोठा स्पीकर गाडीत घालून आणला होता, सुवर्णा मागं लागून आली होती. कलाबाईनं फवारणीचा पंप बंद केला. शेडमध्ये, झेंडूच्या क्रेटांच्या मधे, गोटीराम बाजेवर बसले. टोपी सरळ केली. पंच म्हणून बोलावल्यासारखे बसले.

रुद्रचा रंग उडाला होता. “लावा दादा,” तो म्हणाला.

ललितनं लावलं. पहिल्या दणक्याला क्रेटावरची मांजर पळाली. दुसऱ्या दणक्याला गोटीरामांची मान हलकेच हलली. मग आवाज आला:

दोनशे टन — खाली येतो —
बाप माझा — हात काढतो —
पुन्हा घालतो — पुन्हा काढतो —
उजवं बोट — धोंडीरामचं —
पत्र्यासंगं — गेलं तिथं —

गोटीरामांच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. ललितनं हयातीत शेकडो गिऱ्हाइकांचे चेहरे वाचले होते, हा वाचता येईना. मान मात्र प्रत्येक दणक्याला हलत होती, न चुकता. दणके बावीस वर्षांच्या सवयीचे, मान हलणारच. शब्द आत जातायत की नाही, कसं कळणार? गाणं पुढं गेलं, पगाराच्या दिवसावर गेलं, सायकलवर गेलं, आणि शेवटी रुद्रचा आवाज जवळजवळ साधा झाला:

घरी आला — जेवून निजला —
आमच्यासंगं — बोलला नाही —
बोलला नाही —

दणका. संपलं. मळ्यात कुठंतरी पाण्याची मोटर चालू होती तेवढीच.

 सनीनं पाठीवरच्या गिटारची पट्टी उगाच घट्ट केली. सुवर्णानं ललितचा दंड धरला होता, तो दुखायला लागला.

“परत लाव,” गोटीराम म्हणाले.

ललितनं आशा सोडली. कळलं नाही. संपलं. त्यानं रुद्रकडे बघितलं, रुद्र जमिनीकडे बघत होता. ललितनं परत लावलं. पहिली ओळ संपायच्या आत गोटीरामांनी हात वर केला, शॉपमध्ये मशीन बंद करायला करतात तसा, सरळ वर. ललितनं झटक्यात बंद केलं.

“अडीचशे,” गोटीराम म्हणाले.

“काय अप्पा?”

“दोनशे टन म्हनतो तू.” मान हलली. “अडीचशे टनाचा व्हता.” मान हलली. “दोनशेवर पंडित असायचा. मी अडीचशेवर. लोकं काय म्हनतील?”

 ललितला एकदम हसू आणि रडू दोन्ही आलं, आणि त्यानं दोन्ही दाबलं. निकितानं मात्र सगळ्यांसमोर मोठ्यानं टाळी वाजवली.

“आन बोट डावं,” गोटीराम पुढं म्हणाले. “धोंडीरामचं. डाव्या हाताचं. उजवं कोन म्हनलं तुला?”

“आईनं.”

“मला काय म्हाईत?” कलाबाई उसळली. “मी काय बघाया गेलते? मला बी तुम्ही कधी सांगितलं? त्या पंडितच्या बायकोनं सांगितलं ते मी सांगितलं.”

“डावं व्हतं,” गोटीराम म्हणाले. “मी उचललं ते. फडक्यात घेतलं. सायकलवर दवाखान्यात नेलं, धोंडीरामला पुढं बसवून.” इतके शब्द सलग बोलून ते स्वतःच दचकले आणि थांबले.

“हे तुम्ही कधीच सांगितलं नाही अप्पा,” रुद्र म्हणाला. मग त्याच्या काहीतरी लक्षात आलं. तो बापासमोर उकिडवा बसला. “कधीच नाही,” तो म्हणाला आणि थांबला. मान हलवली. “सांगितलं तुम्ही.”

गोटीरामांनी पोराकडे नीट बघितलं. पहिल्यांदाच ‘काय’ म्हणाले नाहीत.

“अडीचशे बसतंय का चालीत?” त्यांनी विचारलं.

निकितानं मांडीवर बोटं वाजवून मोजलं. एक अक्षर जास्त होत होतं. “बसवू,” ती म्हणाली. सनी म्हणाला, बसत नसेल तर मी अजून एक ठोका थांबतो. हे सनी म्हणाला!

“मंग दुरुस्त करा,” गोटीराम म्हणाले. “पुढच्या रविवारी आना. परत ऐकतो.” ते बाजेवरून उठले, टोपी काढून झटकली, परत घातली, कात्री उचलली. रुद्रनं खिशातून कागद काढून दोनशे खोडलं, उजवं खोडलं. मग पेन शेवटच्या ओळीवर येऊन अडखळलं. त्याला लाज वाटत होती, ते दिसत होतं. आता तीसुद्धा बदलावी असं त्याच्या मनात आलं असणार, कारण त्यानं पेन टेकवलं.

गोटीराम शेडच्या दारात थांबले होते. पोराच्या हाताकडे बघत होते.

“ती नको खोडू,” ते म्हणाले. थांबले. मान हलली नाही. “ती बरोबर हे.”